गच्चीवरचा आखाडा

११ मे, रविवार

पोटची मुलगी भर सभेत बापाला उताणा पाडते, आणि तेही पेठेतल्या सगळ्या पैलवानांसमोर. आज जेवणावर वासना नाही. पिठलं तसंच झाकून ठेवलं आहे.

आमची तालीम नदीपासून हाकेच्या अंतरावर. खाली उंच खांबांचा मोकळा तळ, त्यात आखाडा. वरच्या मजल्यावर अभ्यासिका, तिथे गावोगावची मुलं-मुली परीक्षांची तयारी करत बसतात. त्यावर गच्ची. दर दोन-तीन पावसाळ्यांनी पंचगंगा आत येते आणि आखाड्याची लाल माती घेऊन जाते. मग केरबा वस्ताद ताक, हळद, तेल, लिंबू घालून नवी माती मुरवायला घेतो. ती जरा अंगाशी लागू लागते तोच नदी पुन्हा दारात. गेल्या पुरात त्याने जुन्या मातीचं एक घमेलं तेवढं डोक्यावर धरून बाहेर काढलं. विरजण म्हणून.

मी या तालमीचा अध्यक्ष. जन्मात लंगोट लावला नाही. पोस्टात पत्रं निवडण्यात आयुष्य गेलं. पण केरबा मला भावासारखा, आणि त्याचं ते घमेलं बघून मला सुचलं ते मी आज सभेत मांडलं. आखाडा गच्चीवर नेऊ. वर पत्रा, खाली माती, चारी बाजूंनी वारा. नदीला यायचं तितकं येऊ दे. टाळ्या पडल्या. केरबाचे डोळे भरले. "आप्पा, तुझ्या डोक्यात हे कुठनं येतंय रं?" म्हणाला. ते कवितेतून येतं, पण पैलवानाला हे कसं समजवावं?

आणि तेवढ्यात ऋता उठली. इमारतींचे खांब आणि तुळया तपासणं हा तिचा व्यवसाय. सही तिचीच घ्यायची म्हणून मीच तिला बोलावून घेतलं होतं. तर ही म्हणते, या इमारतीवर एक पाटी माती चढवू नका, मी सही करणार नाही. का, तर भूकंप. कोल्हापुरात! मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, हितं देवीची कृपा हाय." सगळे हसले. ती हसली नाही. मला ती त्या क्षणी परकी वाटली, सरकारी माणसासारखी.

१४ मे, बुधवार

ऋता आमरस घेऊन आली. समेट करायला आली असेल असं वाटलं. कसलं काय!

जेवणं झाली तसं तिने टेबलावर चार पेले उभे केले, त्यांवर पाट ठेवला आणि टेबलाला एक हिसका दिला. पेले थरथरले, पण उभे राहिले. मग पाटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि तेवढाच हिसका दिला. पेले कोलमडले, पाट आडवा, तांब्या माझ्या अंगावर. माझं सातवीचं बालभारती टेबलावर होतं, मलकापूरच्या शाळेतलं, ते भिजलं. आमच्या गुरुजींनी चालीवर शिकवलेल्या कविता आहेत त्यात. पानं खिडकीत वाळत घालता घालता मी ओरडलो, "तांब्या खाली ठेवला असतास तर?"

"तेच तर सांगतेय, बाबा."

असं फटकन बोलते. मग बसून सांगत राहिली. सरळ खाली येणारं वजन खांब पेलतीलही कदाचित. पण भूकंप वरून दाबत नाही, तो जमिनीसकट पाय आडवे ओढतो. डोक्यावर जेवढं जास्त, तेवढा हिसका मोठा. सहा ब्रास माती म्हणजे उसाने भरलेल्या तीन ट्रॉल्या गच्चीवर उभ्या करण्यासारखं. "तुमच्या केरबाकाकांच्या भाषेत सांगू? भूकंप पट काढतो, थेट पायांत हात घालतो. आणि आपल्या इमारतीचे पाय मुळात उघडे आहेत. महापुरानंतर खालच्या भिंती कुणी पाडायला लावल्या?"

मीच लावल्या. नदी भिंतीवर डोकं आपटत होती. तिला वाट दिली तर ती येईल आणि जाईल, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते भाषण लोकांना अजून आठवतं. ऋताचं म्हणणं, त्या भिंतीच खांबांना धरून होत्या. आता वरचा मजला भिंतींनी घट्ट आणि खालचा नुसता काटक्यांवर. डोलायची वेळ आली तर सगळं डोलणं त्या खांबांच्या वाट्याला येणार.

जाता जाता म्हणाली, "लहानपणी मला मांडीवर घेऊन भुजंगप्रयात शिकवायचात ना? लगागा, लगागा. तशी प्रत्येक इमारतीला तिची स्वतःची चाल असते, बाबा. डोक्यावर वजन टाकलं की ती चाल बदलते. आणि जमीन नेमकी त्याच चालीत हलली, तर इमारतही तिच्याबरोबर म्हणू लागते. मग ती थांबत नाही."

माझ्या वृत्तांची ही अशी वासलात. मी दार लावून घेतलं. आमरस मात्र चांगला होता.

२२ मे, गुरुवार

उन्मेष ठेकेदार हा सोन्यासारखा माणूस. त्याने आज गच्चीवर दोन-तीन उड्या मारल्या, खांबाला थाप मारली आणि म्हणाला, "काय होत न्हाय आप्पा. बापाच्या काळातलं काम हाय, रणगाडा चढवा." आखाड्याखाली दोन लोखंडी गर्डर टाकून देतो म्हणाला. सहीसाठी बाहेरगावच्या एका साहेबांचा कागदही घेऊन आला. त्या गृहस्थांना इमारत न पाहताच तिची प्रकृती समजली. अनुभव म्हणतात तो हाच. आणि आमची कन्या चार पेले मांडून बसते.

१ जून, रविवार

माती चढली!

पहाटेपासून पेठ लोटली होती. तालमीची पोरं जिन्यात साखळी करून घमेली वर देत होती. मी गच्चीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसलो. पन्हाळ्याकडून वारा येत होता, लाल माती उतरत होती. शाळेत असताना खिडकीतून शेतं दिसायची आणि गुरुजी पावसाळ्याची कविता म्हणायचे, ते दिवस परत आल्यासारखे वाटले. केरबाने जुनं घमेलं शेवटी आणलं, मधोमध ओतलं आणि खाली बसून हाताने कालवू लागला. मीही बाह्या वर सारून हात घातला. ताकाचा आणि हळदीचा वास नखांत अजून आहे.

केरबाला किल्लारीची आठवण झाली. त्र्याण्णव साली भूकंपानंतर आम्ही तालमीची पोरं आणि ट्रकभर भाकऱ्या घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "तितंबी हातानंच उकरली हुती माती. आठवतंय का?" आठवत कसं नाही? त्यावरच तर माझी 'मातीमाय' झाली. जवळची शाळा दरवर्षी तीस सप्टेंबरला मला ती म्हणायला बोलावते. "माय मातीने घेतली लेकरे कुशीत" या ओळीला बाई पदर डोळ्यांना लावतात. केरबाला मी ती तिथल्या तिथे म्हणून दाखवली. तो खाली मान घालून कालवत राहिला. त्याला कवितेचं तेवढं अंग नाही.

ऋता आली नाही. न येऊ दे.

१५ जून, रविवार

दर रविवारी जेवायला येणारी मुलगी लागोपाठ दोन रविवार आली नाही. फोनवर म्हणाली, साइटवर काम आहे. काल मात्र तिची स्कूटर तालमीच्या मागच्या बोळात उभी दिसली. म्हणजे तालमीपर्यंत यायला वेळ आहे, बापापर्यंत यायला नाही. काही चुकतंय का, हे हेरायला येत असेल. हेर म्हणावं.

आणि त्या उन्मेषची अक्कल बघा. खालच्या मोकळ्या तळात खांबाखांबांच्या मध्ये लोखंडी टेकू लावून ठेवलेत, सरळ नाहीत, तिरपे. एवढी सुंदर मोकळी जागा, संध्याकाळी मी तिथे येरझाऱ्या घालत कविता म्हणतो, तर आता दर पावलाला डोकं आपटतं. केरबाला म्हटलं, हे काढायला लाव. तर तो पाठीमागे हात बांधून म्हणाला, "असू दे की. पुराचं लाकूड-फाकूड अडंल." लाकूड अडवायला तिरपे टेकू कशाला? पण वस्तादाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

२७ जून, शुक्रवार

राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढतंय. सगळं गाव आकडे विचारत फिरतंय, आणि आमची पोरं नदीच्या डोक्यावर शड्डू ठोकताहेत. हे दृश्य बघायला जगलो असं वाटलं. पैलवान पडला की गच्ची हळूच दुम्म करते, एखाद्या प्रचंड नगाऱ्यासारखी.

खाली अभ्यासिकेत कुरकुर आहे. सोनम नावाची गगनबावड्याकडची मुलगी आहे, आत्याकडे राहून शिकते, पोलीस भरतीची तयारी करते. तिने वही उघडून दाखवली. पानावर लाल भुकटी. "आजोबा, वरनं पडतीया. गर्डरच्या कडंनं." मी तिला म्हटलं, बाळ, ही साधी धूळ नाही, या मातीसाठी मोठमोठे मल्ल नतमस्तक होतात. ती म्हणाली, "मग त्यांच्या वहीवर पडू दे की." आजकालच्या मुलींना उत्तर द्यायला कोण शिकवतं? मी तिला खिडकीजवळची जागा दिली. तिथेही पडते म्हणाली.

९ जुलै, बुधवार

दुपारी अभ्यासिकेत वर्तमानपत्र वाचत होतो. वीसेक मुलं मान खाली घालून बसलेली. वर कुस्ती चालू होती, दुम्म दुम्म. मग एक दुम्म आलं ते थांबलंच नाही.

आधी खुर्ची माझ्याखालून हलल्यासारखी झाली. मला वाटलं, चक्कर आली. खिडकीची तावदानं एकदम वाजू लागली. आणि छताचे पंखे डुलायला लागले, सगळे एका वेळी, एका दिशेने. लगागा. लगागा. मी खरंच तोंडाने म्हणालो. मुलं ओरडत जिन्याकडे पळत होती, बाकं उलटी पडत होती, आणि मी पंख्यांची चाल मोजत बसलो होतो. सोनमने येऊन माझं मनगट धरलं आणि मला ओढलं. शब्द वापरला तो इथे लिहीत नाही.

रस्त्यावर आलो तेव्हा सगळं थांबलं होतं. शेजारच्या घरांतले लोकही बाहेर आले होते. कोणीतरी मोबाईल बघून सांगितलं, कोयनेकडचा बारका धक्का, असे होतच असतात. शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या, माझ्या मांडणीवरचा पेलासुद्धा पडला नाही. बाकीच्या घरांना काही झालं नाही. आमची तालीम मात्र डुलली, सगळ्यांनी बघितली. उन्मेष आला, म्हणाला, डुलली पण पडली का? रणगाडा!

मी सोनमकडे बघत होतो. तिच्या काळ्या केसांत, भांगाच्या दोन्ही बाजूंनी, लाल माती बसली होती. ती झटकत होती आणि जात नव्हती.

घरी आलो. बाकी उद्या.

१० जुलै, गुरुवार

झोप नाही. लिहूनच टाकतो.

किल्लारीजवळच्या एका वाडीत एक पोरगी निघाली होती. केरबाने काढली. लाल रिबिनीच्या दोन वेण्या, आणि केसांत माती. पाऊस पडत होता, तिची आई ती माती पुन्हापुन्हा धूत होती आणि ती जात नव्हती. यावर मी कविता केली. माय मातीने घेतली लेकरे कुशीत.

काल सोनमच्या भांगाकडे बघताना पहिल्यांदा डोक्यात प्रश्न आला. इतकी वर्षं कसा आला नाही? ती माती त्या पोरीवर आली कुठून? जमीन दुभंगून पोरगी आत गेली नव्हती. ती घरात निजली होती. घरांवर माळवद होतं, लाकडांवर हातभर, कुठे कुठे दोन हात मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून, दर पावसाळ्याआधी वर आणखी एक थर. आजोबाने घातलेला, बापाने वाढवलेला. माती वरून आली. माणसांनीच चढवून ठेवली होती आणि ती पोरीवर आली.

आणि मी लिहिलं, कुशीत घेतली. बत्तीस वर्षं म्हणतोय. बायका रडताहेत आणि मी मान तुकवून दाद घेतोय. थू!

भिजलेलं बालभारती खिडकीत वाळून कडक झालं आहे. एकेक पान मोडल्यासारखं वाजतं. आज त्याच्याकडेही बघवत नाही.

सकाळी अभ्यासिकेला कुलूप लावलं. मुलांनी मला घेराव घातला, परीक्षा तोंडावर आहे म्हणून. मग ऋताला फोन केला. ती अर्ध्या तासात आली, जणू कोपऱ्यावरच उभी होती. खालच्या खांबांचे वरचे गळे तिने बॅटरी लावून बघितले. सगळ्यांना चिरा. केसासारख्या नाहीत, नख जाईल एवढ्या. "टेकू नसते तर..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, चला, त्या उन्मेषने एक तरी काम शहाणपणाचं केलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि बॅटरी बंद केली.

मुलांना तिने स्वतःच्या ऑफिसात बसायला नेलं. मला वाटलं होतं, ती मला बोलेल. बोलली नाही. त्याचाही राग आला.

१३ जुलै, रविवार

केरबाकडे गेलो. म्हटलं, माती खाली घ्यायची.

तो घशातल्या घशात गुरगुरला. नागपंचमीला आखाड्याची पूजा, कबनूरपासून मल्ल यायचेत, पेठेचं सगळं माणूस गच्चीवर उभं राहणार, निमंत्रणं गेली. "तूच म्हनलास वर न्हे. आता तूच म्हंतोस खाली आन. आखाडा हाय का कॅरम बोर्ड?" मी त्याला किल्लारीची पोरगी सांगितली. त्याचा चेहरा एकदम बंद झाला. म्हणाला, त्या पोरीचं नाव काढायचं न्हाय. मी म्हटलं, तिच्या अंगावरची माती वरून आली होती, केरबा. "मला सांगतोस? मी उकरलीया. तू तितं वही घिऊन बसलतास."

हे खरं आहे. तरी इतकं तोंडावर बोलायचं?

मी म्हणालो, तुला फक्त तुझी कुस्ती दिसते, पोरांचा जीव दिसत नाही. तो म्हणाला, तुला फक्त तुझी कविता दिसती. पन्नास वर्षांत आमचं असं भांडण झालं नव्हतं. त्याची बायको तानाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच कप धरून उभी राहिली. चहा न घेता आलो.

२७ जुलै, रविवार

तालमीच्या कमिटीने हात वर करून ठराव केला, पूजा गच्चीवरच होणार. माझ्या बाजूने हात वर झाला तो माझा एकट्याचा. उन्मेषने खांबांच्या चिरांत सिमेंट भरून वर रंग दिला. आता त्या दिसत नाहीत. दिसत नाही म्हणजे नाही, हे आपल्या लोकांचं गणित.

पाऊस धो धो. पत्र्याच्या फटींतून पाणी जातंय आणि माती भिजते आहे. ऋता म्हणाली, भिजलेली माती आणखी जड. वर शे-दीडशे माणसं उभी राहणार. ती पोलिसांत आणि महापालिकेत जाऊन आली. बघतो म्हणाले. सण झाल्यावर.

मी काय करणार, ते ठरवलं आहे. इथेही लिहीत नाही. लिहिलं की मला ती कविता वाटू लागते.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

सकाळी सगळ्यांच्या आधी गच्चीवर गेलो, चपला काढल्या आणि आखाड्याच्या मधोमध जाऊन बसलो. धोतर लाल झालं. नारळ, फुलं, गुलाल घेऊन पोरं आली आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकली. मी सांगितलं, पूजा करायची तर आधी मला चीत करा. आणि मी उठणार नाही.

हसले सगळे. आप्पांना नागपंचमीला जोर चढला म्हणाले. दोन पोरं मला उचलायला पुढे झाली, तसा केरबा जिन्यातून वर आला, फेटा, नवा सदरा. गर्दी बाजूला झाली. खाली रस्त्यावर ऋता उभी होती, कठड्याच्या फटीतून दिसत होती, वर तोंड करून. पावसात. तिने छत्री उघडली नव्हती.

केरबा म्हणाला, "ऊठ."

मी म्हटलं, नाही.

"लोकं बघत्यात आप्पा. माझी इज्जत घालवू नकोस."

मी म्हटलं, तुझी इज्जत माझ्या बुडाखाली आहे, सहा ब्रास. ये आणि ने.

त्याचा संताप झाला. पन्नास किलोचा मी, त्याने खाली वाकून मला खांद्यावर टाकलं, पूर्वी जिंकलेल्या मल्लाला टाकायचे तसं, आणि जिन्याकडे निघाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होतो. जिना अरुंद, ओला. पहिल्या वळणापर्यंत तो ताठ उतरला. पुढे मला त्याची चाल बदललेली कळली. मी वर होतो, माझं डोकं हिंदकळत होतं, एकदा भिंतीकडे, एकदा कठड्याकडे. अभ्यासिकेच्या दाराशी त्याचा एक पाय घसरला. पडला नाही, पण गुडघे थरथरायला लागले ते थांबेचनात. त्याने भिंत धरायला हात लांब केला, पोचला नाही. मी वरून म्हणालो, "मला खाली ठेव, केरबा, दोघंही जाऊ." त्याला ठेवताही येईना. कसाबसा भिंतीला पाठ घासत तो पायरीवर बसला आणि मी त्याच्या मांडीवर आलो.

बराच वेळ नुसता धापा टाकत होता. वरून पोरं बघत होती, कोणी शिट्टी मारत नव्हतं.

"पाय न्हाईत ऐकत," म्हणाला.

मी म्हटलं, पन्नास किलो तर आहे मी. तू म्हशी उचलायचास.

"किती हाय ते न्हाय रं." त्याने स्वतःच्या गुडघ्यांवर हात दाबून धरले. ते अजून हलत होते. "कुठं हाय ते बघ. खाली आसतास तर चार तुझ्यासारखी पेलली आसती."

आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलण्याची अक्कल मला झाली असावी.

मग तो तिथूनच वर ओरडला. "घमेली काढा! खाली घ्या ती माती!" एक पोरगं म्हणालं, वस्ताद, पूजा? "पूजा रस्त्यावर हुईल. पिराजी, साखळी लाव. आणि कुनी वर ग्वाळा हून उभं ऱ्हायचं न्हाय, दोघं-दोघं जावा." मग माझ्याकडे न बघता, हळू आवाजात: "तुझ्या पोरीनं टेकू लावलं तवा पाना मीच धरलता. समजत हुतं मला. पर समजलं म्हंजे जमतंय आसं न्हाय."

मला ते नीट ऐकू आलं नाही, तो धापा टाकत होता. नंतर विचारीन म्हणून सोडून दिलं.

पूजेला आलेले कबनूरचे मल्लसुद्धा साखळीत उभे राहिले. नारळ रस्त्यावर फुटला, जुन्या घमेल्यासमोर. ट्रॅक्टर टेंबलाईच्या टेकडीच्या बाजूला एका उंच पडीक जागेत माती टाकून येत होता. ऋता जिन्याच्या तळाशी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, मधली माती आधी नको, चारी बाजूंनी सारखी काढा. माझ्या धोतराकडे बघून म्हणाली, "बाबा, घरी जा, अंघोळ करा." मी गेलो नाही.

१० ऑगस्ट, रविवार

ऋता जेवायला आली. वांग्याची भाजी तिखट झाली होती, तिने दोनदा घेतली.

जेवण होताच वाद. खांबांना बाहेरून सिमेंट आणि सळ्यांची जाड खोळ चढवणार, हे मान्य. पण खालच्या तळात ती पुन्हा भिंती आणणार म्हणते. मी म्हटलं, नदीला काय सांगू? तिने कागदावर काढून दाखवलं, सगळीकडे नाही, कोपऱ्याकोपऱ्यांत थोड्या, पाण्याच्या वाटेला समांतर, आणि आडव्या जागी लोखंडी तिरप्या पट्ट्या. पाणी जाईल, पाय राहतील. दिसायला भयंकर दिसणार आहे. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, दिसू दे.

संध्याकाळी आम्ही तालमीत गेलो. पोरं तूर्त खाली मॅटवर खेळतात आणि नाकं मुरडतात. टेंबलाईजवळ शेड झाली की आखाडा तिकडे. केरबा तिथेच असतो, तिथल्या कुत्र्यांवर ओरडत. माझ्याशी बोलतो, पण त्या दिवसाचा विषय काढत नाही. अभ्यासिकेचं कुलूप अजून आहे. सोनम भरतीच्या मैदानी चाचणीला गेली आहे. जाताना म्हणाली, आजोबा, पुढच्या वेळी हलायला लागलं तर आधी उठा, मग मोजा.

ऋता खाली एकेका टेकूला हात लावून बघत होती, कुठला सैल झाला, कुठला नाही, जणू तिचेच आहेत. उन्मेषने ते अजून नेलेले नाहीत. नेऊच नकोत म्हणावं.

घरी आलो तर शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन. तीस सप्टेंबरचं लक्षात आहे ना, 'मातीमाय' म्हणायला यायचं. मी म्हटलं, येईन, पण कविता म्हणणार नाही. त्या पोरीच्या घरावर काय होतं, ते वर कुणी नेलं आणि का, एवढंच मुलांना सांगणार. शाळेच्या छपरावरची पाण्याची टाकीही बघून घेणार.

बाई म्हणाल्या, आप्पा, कार्यक्रमाला ते फार कोरडं वाटेल हो.

वाटू दे.